युगे अठ्ठावीस (वारकरी संप्रदाय)

पंढरपूरचा विठोबा कधीपासून उभा आहे, याचं वारकरी संप्रदायातलं ठरलेलं उत्तर म्हणजे 'युगे अठ्ठावीस'. नामदेवांच्या आरतीची सुरुवातच ही, त्यामुळे कधी वारीला न गेलेल्यांनाही गणपतीत म्हणून म्हणून पाठ झालेली असते. वेदान्तात ब्रह्म नित्य, काळाच्या पलीकडचं, त्याला मोजायचा प्रश्नच नाही. वारकऱ्यांनी मात्र तेच परब्रह्म विटेवर उभं केलं आणि वर आकडाही लावला, खरी गंमत इथेच आहे.

या आकड्याचा हिशोब वेगवेगळा लावतात. पूजेच्या संकल्पात गुरुजी भराभर वैवस्वत मन्वंतर (म्हणजे सध्याच्या मनूचा कालखंड) वगैरे म्हणून जातात, त्यानुसार सध्या त्यातली अठ्ठाविसावी चौकडी, म्हणजे सत्य ते कली या चार युगांची फेरी, चालू आहे, एक चौकडी 43,20,000 वर्षांची, म्हणजे आधीच्या 27 चौकड्यांचीच 11 कोटी 66 लाख 40 हजार वर्षं झाली. काही कीर्तनकार 4 वेद, 6 शास्त्रं आणि 18 पुराणं अशी बेरीज करून 28 काढतात, ऐकायला भारी वाटतं पण किती काळ ते काही त्यातून कळत नाही. इतिहासवाल्यांचं वेगळंच, ते कोरीव पुरावा बघतात, देवळातला 'चौऱ्याऐंशीचा शिलालेख' म्हणतात तो देणग्यांच्या नोंदींचा लेख इ.स. 1273 ते 1277 चा, यादव रामचंद्राच्या काळातला.

उभं राहायचं कारण सगळ्यांना माहीत आहे. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता, त्याने वीट फेकली आणि थांब म्हणाला, देव थांबला. म्हणजे इथे शाश्वत असणं म्हणजे भक्तासाठी ताटकळणं, आणि भक्तालाही सुटून जायची घाई नाही, तुकोबा तर मुक्ती नको, खुशाल गर्भवासाला घाल म्हणतात.

एरवी काकड्यापासून शेजारतीपर्यंत देवाचं डेली शेड्यूल असतं. आषाढी-कार्तिकीला मात्र पलंग काढतात, चोवीस तास दर्शन चालू, झोप बंद, पाठीला टेकायला फक्त लोड. युगानुयुगं उभा असलेला देव या काही दिवसांत थकतो असंच धरलं जातं, म्हणून गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते, गरम पाण्याने स्नान घालतात, पायांना लिंबू-साखर चोळतात, रात्री काढा देतात, आणि पलंग परत शेजघरात जाऊन नेहमीचं रुटीन सुरू होतं.