सोलापूरच्या प्रेमकथेतला कायदा

मराठी प्रेमकथेत प्रेमाच्या आड येतं ते घर. पण घराच्या हातात किती ताकद आहे, हे त्या सालचा कायदा ठरवतो. तो न बघता रचलेली कथा शेवटी हमखास फसते.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, आणि विधवांच्या हालांवरची बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. मराठी कादंबरीचा जन्मच असा कायद्याला लागून झालेला.

बालविवाह रोखणारा शारदा कायदा १ एप्रिल १९३० ला लागू झाला. लग्नाला मुलीचं वय किमान १४, मुलाचं १८. पुढच्याच महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल आला. त्या उन्हाळ्यातली कथा लिहिणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: वय कमी असलं तर लग्न लावणाऱ्यांना शिक्षा होई, लग्न मात्र रद्द होत नसे. ‘कायद्याने लग्न मोडलं’ हा शेवट तिथे चालत नाही.

सोलापूरच्या साखर पेठेतला, विणकर पद्मशाली समाजातला मुलगा आणि बाळीवेशीतली लिंगायत मुलगी घ्या. १८७२ च्या कायद्याने नोंदणी लग्न करायचं, तर ‘आम्ही हिंदू नाही’ असं दोघांनी लिहून द्यावं लागे. १९२३ च्या दुरुस्तीने ती अट अशा जोडप्यापुरती गेली, पण एकत्र कुटुंबातून मुलगा आपोआप वेगळा धरला जाई. घरचे माग सामायिक असतील, तर बापलेकांचं खरं भांडण इथून सुरू होतं. हिंदू-मुसलमान जोडप्याची धर्म नाकारण्याची अट १९५४ च्या विशेष विवाह कायद्यापर्यंत सुटली नाही.

सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत, तर प्रेमाभोवती काटेरी तारच होती. ‘गुन्हेगार जमाती’ ठरवलेल्यांना हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय बाहेर पडता येत नसे. तिथे काम केलेल्या लेखिका विभावरी शिरूरकरांनी ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी त्याच जगावर लिहिली. गुन्हेगार जमातींचा हा कायदा १९५२ मध्ये गेला.

१९५४ नंतरच्या कथांत सर्रास दिसणारी चूक म्हणजे जोडपं रात्रीच्या गाडीने पुण्याला पळतं आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर लग्न करतं. विशेष विवाह कायद्यात हे होत नाही. दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात ३० दिवस मुक्काम हवा, मग नोटीस, मग हरकतींसाठी आणखी ३० दिवस, आणि लग्नाला तीन साक्षीदार. कायमचा पत्ता सोलापूरचा असेल, तर नोटिशीची प्रत सोलापूरच्या कार्यालयातही लागते. म्हणजे पळून गेलेल्यांची बातमी त्यांच्याच गावात, नावापत्त्यासह, सरकारी फळ्यावर लागलेली असते.