अप्रकाशित युगुलगीत

परस्परांच्या प्रेमात असलेल्या गायक-गायिकेने ध्वनिमुद्रित केलेले, परंतु तबकडी, कॅसेट, चित्रपट अशा कोणत्याही माध्यमातून श्रोत्यांपर्यंत न पोहोचलेले द्वंद्वगीत. मुंबईच्या संगीतव्यवसायात अशा गीतांच्या आख्यायिका पुष्कळ असून त्यांत गीत अडकण्याचे कारण बहुधा प्रेमभंग हेच सांगितले जाते. व्यवहारात मात्र चित्रपट डब्यात जाणे, लांबी कमी करताना प्रसंगच कापला जाणे किंवा निर्मात्याकडे पैसे थकणे ही कारणे अधिक संभवतात.

महालक्ष्मीचे फेमस, ताडदेवचे फिल्म सेंटर, वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ येथे पूर्वी गायक व वादक एकत्र बसून गाणे सलग मुद्रित करीत. आधी ‘मॉनिटर’ म्हणजे तालमीचा टेक होई, आणि शेवटच्या अंतऱ्यात सारंगी चुकली तरी गाणे मुखड्यापासून पुन्हा घ्यावे लागे. पट्टी ठरवणे हा युगुलगीतातील खरा पेच असतो. पुरुषाचा आवाज साधारणपणे काळी एक-दोनला (हार्मोनियमच्या सप्तकातील पहिल्या-दुसऱ्या काळ्या स्वराला ‘सा’ धरून), तर स्त्रीचा काळी चार-पाचला खुलतो. एकच षड्ज (आधारस्वर ‘सा’) धरला की एकाला तार म्हणजे वरच्या सप्तकात ताण पडतो किंवा दुसरीचा आवाज मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात दबतो, म्हणून संगीतकार दोघांच्या ओळी वेगवेगळ्या सप्तकांत बांधतो किंवा मध्येच षड्ज बदलतो. बहुपथ मुद्रण (मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक आवाज स्वतंत्र पट्ट्यावर मुद्रित करण्याची पद्धत) रुळल्यावर दोघांनी वेगवेगळ्या दिवशी येऊन आपापल्या ओळी गाणे सर्रास झाले. त्यामुळे अलीकडच्या काळातील एखाद्या युगुलगीतात ‘दोघे एकमेकांकडे पाहून गात होते’ असे सांगितले जाते, तेव्हा ते सावधपणे घ्यावे.

१९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता त्याचा निर्माता असतो, गायक नव्हे. प्रताधिकाराची साठ वर्षे प्रथम प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून मोजली जातात. त्यामुळे न निघालेल्या गाण्याच्या बाबतीत ही मुदत सुरूच होत नाही. गायकांना स्वतंत्र कलावंत-हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मिळाला. त्याची मुदत आता पन्नास वर्षे असून ती सादरीकरणाच्या पुढील वर्षापासून धावते, गाणे प्रकाशित होवो वा न होवो. मात्र चित्रपटासाठी लेखी संमती दिल्यावर, करारात वेगळे काही नसल्यास, निर्मात्याच्या वापराला हरकत घेता येत नाही. दोघांनी नाते तोडले म्हणून गाणे रोखता येत नाही, तसेच त्यांना हवे म्हणून ते निघतही नाही.

मूळ फीत सापडली तरी ती वाजेलच असे नाही. मुंबईच्या दमट हवेत काही फितींवरील, विशेषतः १९७० च्या दशकापासूनच्या, चुंबकीय लेप धरून ठेवणारा थर ओलावा शोषतो, फीत यंत्राला चिकटते आणि लेप खरवडला जातो. अशी फीत मंद उष्णतेवर काही तास शेकून लगेच तिची अंकीय (डिजिटल) प्रत करून घेतात, कारण हा उपाय काही काळच टिकतो. घरगुती टेपवर हार्मोनियमसह म्हटलेली चाल म्हणजे असे गीत नव्हे. तिला खाजगी ध्वनिमुद्रण म्हणणे योग्य ठरते, जरी संग्राहक दोन्ही एकाच खोक्यात ठेवीत असले तरी.