अमेरिकेतल्या शाळांमध्ये सगळ्यांना फ्री जेवण: सीईपीचा अर्ज कोण करतं, कागद काय लागतात आणि पालकांनी काय भरायचं

शाळा सुरू व्हायच्या सुमारास दरवर्षी कुणीतरी विचारतंच, स्कूल डिस्ट्रिक्टकडून (म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून) पत्र आलंय की यंदा आपल्या शाळेत सगळ्या मुलांना ब्रेकफास्ट आणि लंच फ्री आहे, लंचचा फॉर्म भरू नका, तर हे खरं आहे का, आणि आमचं इन्कम काही एवढं कमी नाही तर नंतर आमच्याकडून पैसे मागतील का? खरं आहे, आणि पैसे मागत नाहीत. या स्कीमचं नाव कम्युनिटी एलिजिबिलिटी प्रोव्हिजन, सगळे सीईपीच म्हणतात, आणि यात पात्र ठरते ती शाळा, तुमचं पोर नाही. डॉक्टरचं मूल असो की बेघर शेल्टरमधलं, त्या शाळेच्या पटावर नाव आहे ना, मग ट्रे फ्री. तुमचा पगार, व्हिसा, ग्रीन कार्ड, यातलं काही कुणी बघत नाही.

आधी नेहमीची पद्धत सांगतो कारण ती माहीत असल्याशिवाय ही कळत नाही. नॅशनल स्कूल लंच प्रोग्रॅम १९४६ पासून आहे. त्यात प्रत्येक घरानं इन्कमचा फॉर्म भरायचा, सरकारी गरिबी रेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत इन्कम असेल तर जेवण फ्री, १३० ते १८५ टक्क्यांमध्ये असेल तर रिड्यूस्ड म्हणजे लंचला जास्तीत जास्त ४० सेंट आणि ब्रेकफास्टला ३० सेंट, त्याच्या वर असेल तर पूर्ण पैसे. २०२५-२६ साठी चार जणांच्या घराला हे आकडे वर्षाला ४१,७९५ आणि ५९,४७८ डॉलर होते (अलास्का आणि हवाईचे वेगळे, जास्त). आता ज्या भागात बहुतेक घरं या रेषेखालीच आहेत तिथं हजारो फॉर्म वाटायचे, गोळा करायचे, तपासायचे, आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच फॉर्म परत देत नाहीत, कुणाला इंग्लिश येत नाही, कुणी सरकारी कागद बघूनच घाबरतं, कुणाला लाज वाटते. मग पोराच्या नावावर लंचची उधारी चढत जाते. यावर उपाय म्हणून २०१० च्या हेल्दी, हंगर-फ्री किड्स ॲक्टमध्ये सीईपी आणलं. आधी २०११ पासून इलिनॉय, केंटकी, मिशिगन अशा थोड्या राज्यांत करून बघितलं आणि १ जुलै २०१४ पासून देशभर चालू झालं. बॉस्टननं २०१३ मध्ये आणि न्यूयॉर्क सिटीनं २०१७ मध्ये याच्याच जोरावर सगळ्या पब्लिक शाळांत जेवण फ्री केलं.

आता पात्रता. सगळा खेळ एका टक्केवारीचा आहे, तिला आयएसपी म्हणजे आयडेंटिफाइड स्टुडंट पर्सेंटेज म्हणतात. शाळेत एकूण मुलं किती आणि त्यातली सरकारी यादीवरून फॉर्मशिवायच 'फ्री'साठी पक्की झालेली किती, याचा भागाकार. ही पक्की झालेली मुलं म्हणजे ज्यांच्या घरात स्नॅप म्हणजे फूड स्टॅम्प आहेत, टॅनफची रोख मदत आहे, नेटिव्ह अमेरिकन वस्त्यांमधलं सरकारी धान्य मिळतं, शिवाय फॉस्टर केअरमधली म्हणजे सरकारनं दुसऱ्या घरात सांभाळायला दिलेली, बेघर, घरातून पळालेली, स्थलांतरित शेतमजुरांची आणि हेड स्टार्ट या गरीब घरांसाठीच्या सरकारी बालवाडीतली मुलं. ज्या राज्यांनी मेडिकेडचा (कमी इन्कमवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) डेटा जोडलाय तिथं कमी इन्कमवर मेडिकेड मिळालेली मुलंही यात येतात. आधी ही टक्केवारी ४० लागायची, २०२३ च्या ऑक्टोबरपासून ती २५ वर आणली. एकेकटी शाळा अर्ज करू शकते, चार-पाच शाळांचा गट करता येतो किंवा अख्खा डिस्ट्रिक्ट. गट करायचा फायदा असा की एका शाळेची टक्केवारी १८ असली आणि शेजारच्या शाळेची ५५, तरी दोन्ही मिळून २५ च्या वर जात असेल तर दोन्ही शाळांत फ्री. म्हणून तुमची शाळा बघायला एकदम मध्यमवर्गी दिसते तरी सीईपीत कशी, याचं उत्तर बरेचदा हेच असतं.

पण २५ टक्के झाले म्हणजे शाळेला परवडलंच असं नाही, आणि इथंच बरेच डिस्ट्रिक्ट अडतात. केंद्र सरकार पैसे देतं ते आयएसपी गुणिले १.६ या हिशोबानं. समजा शाळेत १,००० मुलं आहेत आणि ४०० पक्की, म्हणजे ४० टक्के. ४० गुणिले १.६ म्हणजे ६४. तर जेवढी जेवणं वाढली त्यातल्या ६४ टक्क्यांना पूर्ण 'फ्री'चा दर मिळतो, जो लंचला साधारण साडेचार डॉलर आहे, आणि उरलेल्या ३६ टक्क्यांना 'पेड'चा दर, जो जेमतेम अर्धा डॉलर आहे. मधली तूट डिस्ट्रिक्टनं केंद्राच्या पैशांतून नाही, दुसरीकडून भरायची. आयएसपी ६२.५ किंवा वर असेल तर गुणाकार १०० वर जातो आणि सगळीच जेवणं फ्रीच्या दरानं, तिथं डोकं खाजवायची गरजच नाही. २५ टक्केवाल्या शाळेला मात्र फक्त ४० टक्के जेवणांना पूर्ण दर, त्यामुळे पात्र असूनही नाही म्हणणारे डिस्ट्रिक्ट आहेत आणि त्यांना आळशी म्हणण्यात अर्थ नाही, बजेट जमत नाही ही साधी गोष्ट आहे. माझं मत विचाराल तर दार २५ वर आणून उपयोग अर्धाच झाला, १.६ चा आकडा वाढवला असता तर खरा फरक पडला असता.

अर्ज कोण करतं, तर डिस्ट्रिक्टचं फूड सर्व्हिस किंवा चाइल्ड न्यूट्रिशन ऑफिस, आणि तो जातो राज्याच्या ज्या खात्याकडे शाळांच्या जेवणाचं काम आहे तिथं. चार्टर शाळा (सरकारी पैशांवर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) आणि या प्रोग्रॅममधल्या प्रायव्हेट शाळाही करू शकतात. अट अशी की ब्रेकफास्ट आणि लंच दोन्ही द्यायचे, फक्त लंच चालत नाही. वेळापत्रक ठरलेलं असतं, १ एप्रिलच्या तारखेचा पट आणि त्या दिवशीची पक्क्या मुलांची यादी धरायची, १ मेपर्यंत राज्य सरकार कुठले डिस्ट्रिक्ट आणि शाळा पात्र किंवा जवळपास आहेत त्याची यादी जाहीर करतं, आणि पुढच्या वर्षासाठी अर्ज ३० जूनपर्यंत. ही १ मेची यादी पब्लिक असते, राज्याच्या वेबसाइटवर आपल्या शाळेचा आयएसपी किती ते कुणालाही बघता येतं, शाळा पात्र असून घेत नसेल तर स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये विचारायला हा आकडा हातात असलेला बरा.

कागदांत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक पक्क्या मुलामागे पुरावा. स्नॅप-टॅनफचं राज्याच्या डेटाबेसशी मॅचिंग होतं त्याचं प्रिंटआउट किंवा फाइल तारखेसकट ठेवायची, बेघर मुलांची यादी डिस्ट्रिक्टच्या बेघर मुलांसाठी नेमलेल्या माणसाच्या सहीनं, स्थलांतरित मुलांची त्यांच्या कोऑर्डिनेटरच्या सहीनं. तपासणीला लोक आले की एकेक नाव काढून बघतात. अजून एक गोष्ट ऑफिसातले लोक नेहमी करतात ती म्हणजे भावंडं शोधणं, घरातल्या एका मुलाला स्नॅप असेल तर त्याच घरातली बाकीची पोरंही पक्की धरता येतात, आणि आडनावं वेगळी असली की कॉम्प्युटरला ती सापडत नाहीत, मग पत्ता आणि फोन नंबर लावून हातानं जुळवायची. त्यातून आयएसपी दोन-तीन टक्के वर गेला तरी तूट बरीच कमी होते. एकदा मंजूर झालं की तो आकडा चार वर्षं चालतो, मध्ये वाढला तर नवीन आकड्यानं परत चार वर्षं सुरू करता येतात, कमी झाला तर जुनाच चालू राहतो. म्हणून स्नॅपचे नियम कडक होऊन घरं त्यातून बाहेर पडली की त्याचा फटका शाळेला लगेच नाही, पुढच्या सायकलला बसतो.

मग पालकांनी करायचं काय? जेवणासाठी काहीच नाही, सीईपीच्या शाळेत लंचचा अर्ज घेतच नाहीत. पण म्हणून शाळेतून आलेले सगळे कागद डस्टबिनमध्ये टाकू नका. बऱ्याच ठिकाणी एक वेगळा इन्कमचा फॉर्म येतो, राज्यानुसार नाव वेगळं, आणि तो जेवणासाठी नसून शाळेला राज्याकडून मिळणाऱ्या फंडसाठी, कुठं कुठं परीक्षांची फी माफ व्हायला वगैरे वापरतात. तो न भरल्यानं जेवण बंद होत नाही, तसं करायची परवानगीच नाही. पण भरलात तर शाळेचा फायदा आहे, इन्कम जास्त असलं तरी भरा.

दुसरं, उन्हाळ्याचे पैसे. २०२४ पासून समर ईबीटी आलंय, म्हणजे किराण्यासाठी कार्डावर मिळणारी सरकारी मदत, सन बक्सही म्हणतात, पात्र मुलाला उन्हाळ्यासाठी १२० डॉलर, पण सगळी राज्यं त्यात नाहीत. यात लोक हमखास फसतात कारण कोविडच्या काळात सीईपी शाळेतल्या सगळ्याच मुलांना असे पैसे आले होते, आता तसं नाही. स्नॅपवगैरेवरून पक्कं झालेलं मूल असेल तर आपोआप येतात, पण नुसतं सीईपी शाळेत शिकतं म्हणून नाही. इन्कम १८५ टक्क्यांच्या आत आहे पण कुठलीच मदत घेत नाही अशा घरानं समर ईबीटीचा वेगळा अर्ज करायचा, तो राज्याच्या साइटवर किंवा शाळेत मिळतो, डेडलाइन राज्यानुसार.

तिसरं, फ्री म्हणजे नक्की काय फ्री. दिवसाला एक ब्रेकफास्ट आणि एक लंच, तेही पूर्ण जेवण. लंचमध्ये पाच गोष्टी असतात, प्रोटीन, धान्य, फळ, भाजी, दूध, आणि बहुतेक शाळांत त्यातल्या निदान तीन घ्याव्या लागतात ज्यात अर्धा कप फळ किंवा भाजी हवीच. पोरानं नुसता पिझ्झाचा स्लाइस आणि दूध घेतलं की काउंटरवरची बाई सफरचंद घे म्हणून मागे पाठवते ते याच्यासाठी, नाहीतर शाळेला त्या ट्रेचे पैसे सरकारकडून मिळत नाहीत. घरून डबा नेला आणि फक्त दूध घेतलं तर त्याचे पैसे पडतात, चिप्स, ज्यूस, दुसरा ट्रे यांचेही. त्यामुळे अकाउंटवर 'फ्री' असूनही थोडे डॉलर वजा दिसले तर बहुतेक वेळा हेच असतं. आणि शाळा सीईपीत यायच्या आधीची जुनी उधारी आपोआप माफ होत नाही हेही बघा.

शाकाहारी घरांसाठी, शाळेला शाकाहारी जेवण द्यायचं केंद्राच्या कायद्यानं बंधन नाही, बरेच डिस्ट्रिक्ट चीज पिझ्झा, बीन बरिटो, पीनट बटर सँडविच ठेवतात पण रोज असेलच असं नाही, मेन्यू महिन्याआधी येतो तो बघा. ॲलर्जी किंवा आजार असेल तर मात्र डॉक्टरचं लेखी पत्र द्या, मग बदलून द्यावंच लागतं.

शाळा सीईपीत नसेल तर तोच जुना फॉर्म. घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं, टॅक्स कापायच्या आधीचं इन्कम आणि ते आठवड्याचं की महिन्याचं, सही करणाऱ्या मोठ्या माणसाच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे, नसेल तर 'नाही' वर खूण, आणि सही. सिटिझनशिप विचारत नाहीत. स्नॅप असेल तर केस नंबर टाकला की इन्कम लिहायचीच गरज नाही. पगाराच्या स्लिपा अर्जासोबत लागत नाहीत पण नंतर काही अर्ज तपासणीला निवडतात तेव्हा मागतात, पत्राला उत्तर नाही दिलं तर फ्री बंद, म्हणून महिन्याच्या स्लिपा ठेवून द्या. वर्षात कधीही भरता येतो, नोकरी गेली तर त्याच महिन्यात भरा. मागच्या वर्षी मंजूर असेल तर नवीन वर्षाचे पहिले ३० शाळेचे दिवस चालतं, त्याच्या आत नवीन फॉर्म गेला पाहिजे. सीईपी शाळेतून त्याच डिस्ट्रिक्टच्या सीईपी नसलेल्या शाळेत गेलात तरी हीच ३० दिवसांची सवलत, आणि पाचवीतून सहावीत जाताना शाळा बदलते तेव्हा नेमकं हेच लक्षात राहत नाही.

कॅलिफोर्निया, मेन, कोलोरॅडो, मिनेसोटा, न्यू मेक्सिको, व्हरमाँट, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स आणि २०२५-२६ पासून न्यूयॉर्क इथं राज्यानंच सगळ्यांना फ्री केलंय, तिथं सीईपी आहे की नाही हे मुलाच्या ताटापुरतं बघायची गरज नाही. पण तिथंही इन्कमचा फॉर्म येतो, कारण केंद्राकडून जास्तीत जास्त पैसे मिळाले की राज्याची पदरची भर कमी होते, आणि समर ईबीटीचं वर सांगितलं ते तिथंही तसंच.