हयातीचा दाखला स्वतःच्या मोबाईलवरून: गावी राहणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि शिकण्याचा क्रम

गिरणी, गोदी, एसटी किंवा शाळेतली नोकरी संपवून देवगड, राजापूर, गुहागरकडे परतलेल्या निवृत्तिवेतनधारकाला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तो वेळेत पोहोचला नाही तर निवृत्तिवेतन थांबते. केंद्र सरकारने 10 नोव्हेंबर 2014 रोजी सुरू केलेल्या ‘जीवन प्रमाण’ सुविधेमुळे हा दाखला डिजिटल स्वरूपात देता येतो. पूर्वी त्यासाठी बोटांचे ठसे किंवा बुबुळे टिपणारे यंत्र लागत असे, आणि शेतीत, काजूच्या कामात ज्यांचे ठसे झिजले त्यांना केंद्रावर अनेकदा हेलपाटे पडत. नोव्हेंबर 2021 पासून साध्या अँड्रॉइड फोनवर चेहऱ्याची ओळख पटवून तो देता येतो.

ज्यांचे निवृत्तिवेतन देणारे कार्यालय किंवा बँक या सुविधेशी जोडलेली आहे, त्यांनाच हा मार्ग खुला आहे. ॲपमधील यादीत आपल्या कार्यालयाचे नाव आहे का, हे आधी पाहावे. पुनर्विवाह केलेल्या किंवा पुन्हा नोकरीत असलेल्या निवृत्तिवेतनधारकाने मात्र डिजिटल दाखल्याऐवजी नेहमीच्या कागदी पद्धतीने आपल्या कार्यालयाकडे दाखला द्यावा. केंद्र सरकारच्या निवृत्तांसाठी नोव्हेंबर महिना ठरलेला असून 80 वर्षे पूर्ण केलेल्यांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. भविष्यनिर्वाह निधीच्या ईपीएस-95 योजनेतील व्यक्तीला महिन्याचे बंधन नाही. तिचा दाखला दिल्याच्या तारखेपासून एक वर्ष चालतो.

कागदपत्रे थोडी आहेत, पण ती ट्रंकेतून आधीच काढून ठेवावीत: आधार कार्ड, पीपीओ क्रमांक असलेला निवृत्तिवेतनाचा आदेश, ज्या खात्यात पैसे जमा होतात त्याचे पासबुक आणि ओटीपी येईल असा चालू मोबाईल क्रमांक. आधार क्रमांक निवृत्तिवेतन देणाऱ्या बँकेत किंवा टपाल कार्यालयात नोंदलेला असणे आवश्यक आहे. आधारचे बायोमेट्रिक कुणी लॉक करून ठेवले असेल तर ते आधी खुले करावे लागते, नाहीतर चेहरा कितीही नीट दाखवला तरी ओळख पटत नाही.

प्ले स्टोअरवरून ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप घ्यावीत. फोनचा पुढचा कॅमेरा किमान पाच मेगापिक्सेलचा हवा. प्रथम फोन चालवणाऱ्याची, म्हणजे ऑपरेटरची, ओळख पटवली जाते. निवृत्तिवेतनधारक स्वतःच ऑपरेटर होऊ शकतो, आणि एका फोनवरून वाडीतल्या अनेकांचे दाखलेही देता येतात. मग माहिती भरून चेहरा टिपायचा आणि सांगितल्यावर डोळ्यांची उघडझाप करायची. माजघरातल्या अंधारात हे जमत नाही. सकाळी पडवीत किंवा खळ्यात, तोंडावर उजेड येईल असे बसावे. रेंज नसेल तर सड्यावर जावे लागते, हे गावकऱ्यांना सांगायला नको.

शिकवण्याबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. गणपतीला आलेला चाकरमानी मुलगा फोन हातात घेऊन पाच मिनिटांत सगळे उरकतो, तेव्हा दाखला जातो खरा, पण आईवडील पुढच्या वर्षीही त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसतात. त्यापेक्षा त्या सुट्टीत ॲप घेऊन द्यावीत, ओटीपी म्हणजे काय आणि तो कुणालाही का सांगायचा नाही हे समजावावे, फोन त्यांच्याच हातात ठेवावा आणि प्रत्येक पायरी मोठ्या अक्षरांत वहीत लिहून द्यावी. दाखल्याच्या नावाखाली फोन करून ओटीपी मागणारे भामटे आहेत. बँक असे कधी विचारत नाही, हे त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.

ज्यांना हे नकोच, त्यांच्यासाठी कागदी दाखल्याचा मार्ग खुला आहे. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊनही डिजिटल दाखला काढून देतो. त्याचे शुल्क साधारणतः 70 रुपये आहे.

दाखला तयार झाला की ‘प्रमाण आयडी’ असलेला संदेश येतो. तो जपून ठेवावा, आणि काही दिवसांनी जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर दाखला स्वीकारला की नाकारला गेला, हे पाहावे. माहिती चुकीची भरली गेल्यामुळे नाकारला असेल, तर निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाशी बोलून योग्य माहितीसह दाखला नव्याने तयार करावा. त्याला नवा प्रमाण आयडी मिळतो.