डंकन, हेन्री

हेन्री डंकन (१७७४–१८४६) हे स्कॉटलंडमधील ग्रामीण पाळक (चर्चचे धर्मगुरू) व समाजसुधारक. स्वतःच्या उत्पन्नावर चालणाऱ्या बचत बँकेची घडी त्यांनी रथवेल या खेड्यात बसवली. जन्म लॉकरटन येथे, पाळकाच्या घरात. शिक्षण अर्धवट असतानाच घरच्यांनी त्यांना लिव्हरपूलला एका पेढीत कारकुनीला पाठवले. तिथे ते सुमारे तीन वर्षे होते, पण रमले नाहीत, असेच म्हणावे लागेल. कारण पेढी सोडून ते धर्मशास्त्र शिकायला परतले आणि १७९९ मध्ये रथवेलचे पाळक झाले. व्याजाचा हिशेब मात्र डोक्यात राहिला, आणि पुढे तोच कामी आला.

रथवेल (गावकऱ्यांच्या तोंडी ‘रिव्हल’) हे सॉल्वे खाडीजवळचे गरीब गाव. डंकन आले तेव्हा धान्याची टंचाई होती. त्यांनी लिव्हरपूलमधल्या आपल्या भावांकरवी मका मागवून गावात वाटपाची सोय केली. बायकांना सूतकताईसाठी जवसाचे तंतू आणून दिले. गावात एक मोडकळीला आलेली फ्रेंडली सोसायटी होती. सभासदांनी थोडीथोडी वर्गणी घालायची आणि आजारपणात किंवा म्हातारपणी त्यातून मदत घ्यायची, अशी ती व्यवस्था. आपल्याकडच्या भिशीची चुलत बहीणच. फक्त पाळी लागायची ती दुखण्याची. डंकन यांनी तिच्यात पुन्हा जीव आणला. पण वर्गणी भरणाऱ्याचा पैसा त्याच्या स्वतःच्या नावावर साठत नव्हता, ही उणीव होतीच.

१८१० मध्ये सोसायटीच्या घरातच रथवेल पॅरिश बँक (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतला भाग) उघडली. त्या काळी नेहमीच्या बँका १० पौंडांखाली ठेव घेत नसत. रथवेलमध्ये ६ पेन्सपासून खाते उघडता येई. पौंडाचे तेव्हा २४० पेन्स होत. म्हणजे बड्या बँकेच्या दारात उभे राहायला अशा चारशे ठेवी लागल्या असत्या. जमा झालेली रक्कम जवळच्या डम्फ्रीज शहरात ब्रिटिश लिनन कंपनीकडे ५ टक्क्यांनी ठेवली जाई, ठेवीदाराला ४ टक्के मिळत, आणि मधल्या फरकातून खर्च भागे. या व्यवस्थेचे मर्म याच एका टक्क्यात आहे. गरिबांची बचत सांभाळण्याचे प्रयोग आधीही झाले होते. लंडनजवळच्या टॉटनहॅम येथे प्रिसिला वेकफील्ड यांनी असा प्रयत्न केला होता. पण अशा प्रयोगांना बहुधा श्रीमंतांच्या देणग्यांचा टेकू लागे. रथवेलची बँक कोणाच्या दयेवर नव्हती. पहिल्या वर्षाअखेर तिच्याकडे १५१ पौंड होते, १८१४ मध्ये ९२२.

नियम कडक होते. वर्षभरात ठरावीक रक्कम न भरणाऱ्याला दंड होई. नवा खातेदार घेताना त्याचे वय, घरची स्थिती आणि चालचलन यांची चौकशी केली जाई. बँकेच्या खिडकीतून पाळक डोकावतोय, हे इथे लपत नाही. एडिनबर्गला थोड्याच काळात निघालेल्या बचत बँकेने ही भानगड ठेवली नाही, आणि पुढे तोच साधा नमुना जास्त पसरला. पहिला मान कोणाचा, यावरून दोन्ही बाजूंनी वादही झाला. डंकन यांचा मूळ आग्रह वेगळा होता : इंग्लंडसारखा गरीबकर (गरिबांना मदत देण्यासाठीचा सक्तीचा कर) स्कॉटलंडमध्ये आला तर मजूर कायमचा मिंधा होईल. मजुरी मुळातच तुटपुंजी असेल तर वाचवायचे काय, या प्रश्नाला मात्र त्यांच्या योजनेत फारसे उत्तर नाही.

बँकेचा प्रचार करायला हातात वर्तमानपत्र होतेच. ‘डम्फ्रीज अँड गॅलोवे कुरियर’ त्यांनी १८०९ मध्ये सुरू केले होते. १८१९ चा स्कॉटिश बचत बँकांचा कायदा मंजूर व्हावा म्हणून ते स्वतः लंडनला गेले.

खेड्यातल्या पाळकाला सवड असते असा समज आहे. डंकन यांनी ती दगडांवर घालवली. १६४२ मध्ये मूर्तिपूजेचे चिन्ह म्हणून फोडलेला आठव्या शतकातला क्रूस चर्चच्या आवारात तुकड्यांनी पडून होता. त्यांनी तुकडे जमवले आणि १८२३ मध्ये आपल्या बागेत तो उभा केला. हरवलेला आडवा दगड त्यांनी नव्याने घडवून घेतला, आणि वरचा एक दगड चक्क उलट्या तोंडाने बसला. तो आजही तसाच आहे. क्रूसाच्या कडेवरची रून लिपी (उत्तर युरोपातली जुनी लिपी) १८४० मध्ये जुन्या इंग्रजीचे अभ्यासक जॉन केंबल यांनी उलगडली, तेव्हा क्रूस स्वतःच बोलतो आहे अशा जुन्या इंग्रजी काव्याच्या ओळी निघाल्या. १८८७ मध्ये क्रूस चर्चमध्ये हलवला, पण साडेपाच मीटर उंची आत मावावी म्हणून जमीन खणून तो खड्ड्यात उभा करावा लागला.

कॉर्नकॉकल म्यूर येथील दगडखाणीतल्या वालुकाश्मावर उमटलेल्या पावलांबद्दल त्यांनी १८२८ मध्ये एडिनबर्गच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. जीवाश्म पाऊलखुणांवरील अगदी सुरुवातीच्या शास्त्रीय लेखनात त्याची गणना होते. हे ठसे कासवाचेच, याची खात्री करण्यासाठी भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी कासवांना मळलेल्या मऊ पिठावरून चालवून पाहिले होते. ठसे कासवाचे नव्हते, हे बऱ्याच नंतर कळले. पण एका ठशाच्या शास्त्रीय नावात ‘डंकनी’ राहिले.

१८३९ मध्ये ते चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेचे मॉडरेटर (अध्यक्ष) झाले. पाळक नेमण्याचा जमीनदारांचा हक्क मान्य नसल्याने १८४३ मध्ये सुमारे ४५० पाळक या चर्चमधून बाहेर पडले, त्यांत डंकनही होते. ४४ वर्षांचे घर आणि ती बाग सुटली, क्रूस मागे राहिला. सत्तरीकडे झुकलेले डंकन साध्या घरात राहू लागले. १८४६ च्या फेब्रुवारीत एका घरगुती प्रार्थनासभेत बोलताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यातच त्यांचे निधन झाले.