कूर्चा जपायची, ती जिवंत की मेलेली?

पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाची कातडी वळवून पुन्हा घडवलं गेलं. त्याची हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापली आणि युरोपात ही पद्धत रुजली. पण कातडी म्हणजे नुसतं कापड. आत खांब नसेल तर तंबू बसणारच. नाकाकानांतला हा खांब कूर्चेचा, म्हणजे लवचीक मऊ हाडाचा असतो.

रुग्णाच्याच बरगडीची कूर्चा घेतली तर छातीवर आणखी एक जखम होते, शिवाय कोरलेला तुकडा पुढे वाकतो. म्हणून दुसऱ्याच्या कूर्चेकडे लक्ष गेलं. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि पेशी घट्ट गराच्या आत बंद असतात, त्यामुळे रुग्णाचं शरीर परक्या कातडीवर तुटून पडतं तसं तिच्यावर पडत नाही. शल्यचिकित्सक हॅरॉल्ड गिलीज यांनी तर कानाविना जन्मलेल्या मुलांना आईच्या कानाची कूर्चा बसवली. ती हळूहळू विरून गेली.

साठवणीची वाट १९३८ मध्ये ओ’कॉनर आणि पिअर्स या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी दाखवली: मृताच्या बरगडीची कूर्चा मर्थिओलेट या पारायुक्त जंतुनाशकाच्या द्रावणात, फ्रीजमध्ये. लागेल तेव्हा बरणी उघडायची आणि तुकडा कोरायचा. १९६१ मध्ये डिंगमन आणि ग्रॅब या शल्यचिकित्सकांनी जंतू मारायला गॅमा किरण वापरले. ते तुकड्याच्या आरपार जातात. जंतू मरतात, तशा पेशीही मरतात. उरतो तो फक्त सांगाडा, आणि नाकाला तेवढा पुरेल असं वाटलं.

पुरतो का? १९७७ मध्ये शुलर आणि बार्डाक या शल्यचिकित्सकांनी किरण दिलेल्या कूर्चेचे उत्साहवर्धक निकाल मांडले. १९८८ मध्ये, जास्त वर्षं नजर ठेवल्यावर, याच दोघांचा सहभाग असलेल्या पाहणीत बऱ्याच तुकड्यांची मोठी झीज दिसली. स्वतःचंच म्हणणं असं तपासून पाहणारे विरळाच. नाकाच्या बाबतीत मात्र इतरांचे चांगले अनुभवही आहेत, त्यामुळे वाद मिटलेला नाही.

गुडघ्याचं गणित उलटं आहे. तिथली कूर्चा रोज भार सोसते आणि तिची डागडुजी पेशीच करतात, म्हणून त्या जिवंतच हव्यात. किरण चालत नाहीत, साधं गोठवणंही नाही. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. हाडासकट घेतलेला तुकडा पोषक द्रावणात ४ अंशांवर ठेवतात आणि साधारण चार आठवड्यांत वापरतात. त्यातले दोन आठवडे दात्याच्या संसर्गचाचण्यांतच जातात.