गाडीची चमक आणि चाळीस मायक्रॉनचा हिशोब

उघड्या पार्किंगमध्ये एखादी काळी किंवा गडद निळी गाडी उन्हात उभी असेल तर बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडतं तिथे नीट बघा, त्याच्याभोवती गोल गोल बारीक ओरखड्यांचं जाळं दिसेल. खरं तर ते ओरखडे गोल नसतातच. वाट्टेल त्या दिशेने गेलेले असतात, पण ज्यांची दिशा प्रकाशाला आडवी पडते तेवढेच आपल्या डोळ्याकडे उजेड फेकतात, बाकीचे दिसतच नाहीत, म्हणून गोल असल्याचा भास होतो. तुम्ही दोन पावलं सरका, गोलही सरकतो. डिटेलिंगवाले, म्हणजे गाडी बारकाईने धुऊन-पॉलिश करून चमकवणारे, ह्याला स्वर्ल मार्क म्हणतात आणि त्यांचा निम्मा धंदा ह्याच्यावरच चालतो.

आता हे ओरखडे नेमके कशावर पडतात? पत्र्यावर सगळ्यात खाली गंज थांबवणारा थर असतो, अख्खी बॉडी टाकीत बुडवून वीज सोडून तो चढवतात, मग प्रायमर, मग बेसकोट म्हणजे ज्याला आपण रंग म्हणतो तो, आणि सगळ्यात वर बिनरंगी क्लिअरकोट. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्यातला क्लिअरकोट ४० ते ५०. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे गाडीची सगळी चमक केसापेक्षा पातळ अशा प्लॅस्टिकच्या थरात आहे. जुन्या पद्मिनीला पॉलिश मारलं की फडक्याला गाडीचा रंग लागायचा, आठवतंय? तेव्हा वर क्लिअरकोट नव्हता, रंगच घासला जायचा. आता रंग वाचतो, पण तो वाचवणाऱ्या क्लिअरकोटमध्येच यूव्ही शोषणारी रसायनं असतात, त्यामुळे हा थर घासून पातळ केला की आधी टप आणि बॉनेट फिकट पडतं आणि मग पापुद्रे सुटायला लागतात.

धूळ हाताला मऊ लागते पण त्यात क्वार्ट्झचे कण असतात, कडकपणाच्या मोह्स मापावर (त्यात हिरा १०) ७, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास, आणि क्लिअरकोट तर काचेच्याही बराच खाली. आता सकाळी सोसायटीत एक बादली आणि एक फडका घेऊन दहा गाड्या पुसल्या जातात ते डोळ्यासमोर आणा. फडका पहिल्या गाडीची रेती उचलतो आणि दुसऱ्या गाडीवर फिरवतो, म्हणजे रोज सकाळी पॉलिश पेपरच मारल्यासारखं. पुसणाऱ्याचा दोष नाही, तेवढ्या पैशात आणि तेवढ्या पाण्यात तो तरी काय करणार. पण मला विचाराल तर ऊन-पावसापेक्षा हा फडका गाडीची चमक जास्त घालवतो.

चांगला डिटेलर म्हणूनच सुरुवातीला गाडीला हातच लावत नाही. आधी प्रेशरने पाणी, मग फोम मारून पाच-एक मिनिटं नुसतं थांबायचं (वाळू द्यायचं नाही). फोममधल्या सर्फॅक्टंटच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलकट मळाला, त्यामुळे बरीचशी घाण न घासताच सुटून खाली वाहते. उरलेल्यासाठी दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, मायक्रोफायबरचा मिट (धुवायचा हातमोजा) प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच परत शाम्पूत. वरून खाली यायचं, कारण सगळ्यात जास्त रेती दरवाजाच्या खालच्या भागावर असते.

धुऊन झाल्यावर दरवाजावर तळहात फिरवला तर खरखर लागते. ती धूळ नाही, ब्रेकमधून उडालेले गरम लोखंडाचे कण क्लिअरकोटमध्ये रुतून बसलेले असतात, आणि गाडी रेल्वे लाइनीजवळ उभी राहत असेल तर रुळांचेही. त्यावर आयर्न रिमूव्हर मारतात, त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी जोडलं जातं आणि पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ यायला लागतात, बघायला मजा येते पण वास सडक्या अंड्याचा, केस पर्म करायच्या लोशनमध्येही हेच रसायन असतं. तरीही जे उरतं ते क्ले बारने, म्हणजे मातीसारख्या मऊ वडीने, भरपूर ल्युब्रिकंट मारून, खरवडून काढतात.

मग येतं पॉलिशिंग, आणि इथे लोकांचा मोठा गैरसमज आहे. पॉलिश म्हणजे ओरखडा भरणं नाही, ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअरकोट कापून सपाट करणं. कंपाउंडमध्ये, म्हणजे पॉलिशच्या पेस्टमध्ये, अॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण असतात, मोह्स ९, आणि एका दमदार कटिंगमध्ये दोन-चार मायक्रॉन सहज जातात. दर वर्षी रबिंग-पॉलिश करून घेणाऱ्यांनी ४० मधून चार-चार वजा करून बघा. शहाणा डिटेलर आधी पेंट गेजने जाडी मोजतो, पत्रा गेजच्या चुंबकीय क्षेत्रात किती बदल करतो त्यावरून आकडा येतो (प्लॅस्टिकच्या बंपरवर हा गेज चालत नाही), आणि आकडा एकदम ४००-५०० आला तर समजायचं खाली पुट्टी आहे, सेकंडहँड गाडी घेताना तर हे फारच उपयोगी. नखाला अडकणारा ओरखडा मात्र पॉलिशने घालवायच्या मागे लागू नये, रोजच्या गाडीला तर नाहीच. आणि स्वस्तात झटपट चमकवून देणारे बऱ्याचदा ग्लेझ किंवा सिलिकॉन तेलाने ओरखडे नुसते बुजवतात, दोन धुण्यांत सगळे परत येतात. समोर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दाखवा म्हणायचं, लगेच कळतं.

शेवटी सिरॅमिक कोटिंग. जाहिरातीत ९एच लिहिलेलं असतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं हिऱ्याच्या एक पायरी खाली. पण हा आकडा मोह्सचा नाहीच, पेन्सिलचा आहे, ड्रॉइंगला वापरतो त्या एचबी, २एच वाल्या पेन्सिली, त्यातली सगळ्यात कडक पेन्सिल घासून ओरखडा पडला नाही एवढाच त्याचा अर्थ. क्वार्ट्झला तो थर थोपवू शकत नाही, सकाळच्या त्या रेतीभरल्या फडक्याला तर नाहीच नाही. सिलिकाचा हा पातळ थर करतो काय, तर पाण्याला पसरू देत नाही, थेंब उभा राहतो आणि घसरताना मळ घेऊन जातो, त्यामुळे गाडी धुणं सोपं होतं आणि पक्ष्यांच्या विष्ठेतलं युरिक अॅसिड क्लिअरकोटपर्यंत पोचायला जरा वेळ लागतो. एवढ्यासाठी पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या. फक्त बोअरचं पाणी असेल तर कोटिंगवाल्या गाडीला उलट जास्त जपावं लागतं, कारण उभा थेंब जागच्या जागी वाळतो आणि त्यातलं सगळं कॅल्शियम एकाच ठिपक्यात बसतं, तेव्हा अशी गाडी सावलीत धुवायची आणि लगेच टिपून कोरडी करायची.